बेसमेंटला वेगळा दरवाजा (ओंटारिओ): झोनिंग, जिना, पाया आणि पाणी

अबोली
आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने देण्यासाठी स्वतंत्र युनिट करायचं आहे. आत्ता खाली जायला फक्त स्वयंपाकघरातून जिना आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं म्हणून मापं देते.

जीटीएमधलं (टोरांटो आणि आसपासच्या भागातलं) दुमजली स्वतंत्र घर, पायाच्या भिंती ओतीव काँक्रीटच्या, बाहेर विटांचा थर. बेसमेंटची फरशी अंगणाच्या पातळीपासून १.७ मीटर खाली, आत छताची उंची २.१ मीटर. मुख्य मजला अंगणापासून ०.७५ मीटर वर. एका बाजूचं साइड यार्ड (घर आणि हद्द यांमधली मोकळी जागा) १.२ मीटर, दुसऱ्या बाजूचं १.८ मीटर, मागे ९ मीटर अंगण. आतला जिना १.८ मीटरच्या बाजूच्या भिंतीला लागून आहे. जॉइस्ट (मजला पेलणाऱ्या आडव्या तुळया) डावीकडून उजवीकडे, म्हणजे बाजूच्या दोन्ही भिंतींवर टेकलेले.

कंत्राटदार म्हणतो, १.८ मीटरच्या बाजूला बाहेरून जिना खणू, भिंत कापू, दरवाजा बसवू, झालं. परमिटला नेमकं काय लागतं? आणि कामात कुठे फसतं?

नकाशाकार
अबोली, क्रमाने घ्या. आधी झोनिंग (प्लॉटवर काय आणि कुठे बांधता येतं याचे गावाचे नियम), मग बिल्डिंग कोड, आणि कंत्राटदार सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि नकाशांवर दोनदा पैसे घालतात.

दुसरं युनिट करायला परवानगी आहे का, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये बिल २३ हा प्रांताचा कायदा मंजूर झाला. तेव्हापासून नगरपालिकेचं पाणी आणि सांडपाणी जोडणी असलेल्या निवासी प्लॉटवर तीन युनिटपर्यंत हक्काने करता येतात आणि जादा युनिटमागे एकापेक्षा जास्त पार्किंग मागता येत नाही. मात्र युनिटला परवानगी आहे म्हणून जिना कुठेही खणायलाही परवानगी आहे, असं होत नाही. जमिनीखाली उतरणारा जिना कोणत्या यार्डात चालतो, हद्दीपासून किती अंतर लागतं, हे प्रत्येक गावाच्या झोनिंग बायलॉत स्वतंत्र लिहिलेलं असतं. समोरच्या यार्डात सहसा चालत नाही, बाजूला अटी असतात, मागे बहुतेक ठिकाणी अडचण कमी.

बायलॉत तीन गोष्टी शोधा:

- जमिनीखालच्या जिन्याबद्दलचं कलम. हे अनेकदा घराच्या कलमात नसतं, 'यार्डात काय पुढे येऊ शकतं' या भागात असतं.
- साइड यार्डात किती रुंदीची मोकळी वाट ठेवावी लागते. १.२ मीटर हा आकडा बऱ्याच ठिकाणी भेटेल.
- लॉट ग्रेडिंग, म्हणजे प्लॉटच्या जमिनीचे उतार. दोन घरांमधला तो उथळ चर पावसाचं पाणी पुढे-मागे नेण्यासाठी मुद्दाम ठेवलेला असतो. जिना त्यावर आला की इंजिनिअरिंग विभाग हरकत घेतो.

तुमच्या १.८ मीटरमध्ये जिन्याची आतली रुंदी ८६० मिमी, बाहेरची माती अडवणारी रिटेनिंग भिंत २०० मिमी, म्हणजे १.०६ मीटर गेले. हद्दीपर्यंत ०.७४ मीटर उरतात. इतक्या जागेत पाण्याचा चरही बसवायचा आणि मागे जायची वाटही ठेवायची, हे कठीण आहे. बाजूला जिना म्हणजे बहुधा मायनर व्हेरियन्स, म्हणजे बायलॉतून किरकोळ सूट मागणं.

अबोली
व्हेरियन्सला किती वेळ आणि शेजाऱ्यांची संमती लागते का?

नकाशाकार
संमती लागत नाही, सूचना मात्र जाते. ६० मीटरच्या आतल्या मालमत्तांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी. कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट चार कसोट्या लावते: सूट किरकोळ आहे का, जागेच्या वापराला योग्य आहे का, ऑफिशियल प्लॅनच्या (गावाच्या विकास आराखड्याच्या) हेतूला धरून आहे का, झोनिंग बायलॉच्या हेतूला धरून आहे का. चारही उतरल्या पाहिजेत. निर्णयानंतर २० दिवस अपिलाची मुदत असते. ती संपून निर्णय पक्का होईपर्यंत बिल्डिंग परमिट हातात पडत नाही. बिल २३ नंतर शेजाऱ्याला या निर्णयावर ओंटारिओ लँड ट्रायब्युनलकडे जाता येत नाही, पण सुनावणीत तो बोलू शकतो आणि त्याचा मुद्दा पाण्याचा असेल तर कमिटी तो गांभीर्याने घेते.

अर्जात "आम्हाला भाडं हवंय" हे कारण देऊ नका. पाणी कुठून कुठे जाईल याचा ग्रेडिंगचा नकाशा जोडा. व्हेरियन्सला नकार मिळतो तेव्हा कारण बहुतेक पाण्याचं किंवा मागे जायच्या वाटेचंच असतं.

जवळ ओढा किंवा दरी असेल तर कॉन्झर्व्हेशन अथॉरिटीच्या (ओढे-नद्या आणि पूरक्षेत्रं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नियंत्रित क्षेत्राचा नकाशा पहिल्याच दिवशी बघा. पूरक्षेत्रात जमिनीखालचा दरवाजा मिळणं जवळपास अशक्य असतं आणि तिथे बाकी सगळी मेहनत वाया जाते. टोरांटोत असाल तर झाडंही मोजा. जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर ३० सेंमी किंवा जास्त व्यासाचं खोड असलेलं खाजगी झाड, शेजारच्या प्लॉटवरचं असलं तरी, त्याच्या मुळांपाशी खणायला वेगळी परवानगी लागते.

मोजपट्टी
जिन्याचा हिशोब करून देतो. जिना बाजूला असो की मागे, हिशोब तोच.

फरशी १.७ मीटर खाली. बाहेरचं लँडिंग (जिन्याच्या टोकाची सपाट जागा) दरवाजाच्या उंबऱ्यापेक्षा साधारण १५० मिमी खाली हवं, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत. म्हणजे लँडिंग अंगणापासून १.८५ मीटर खाली.

पायरीची उंची कमाल २०० मिमी. १८५० ला २०० ने भागलं की ९.२५, म्हणून १० चढ, प्रत्येकी १८५ मिमी. १० चढांमध्ये ९ पायऱ्या. पायरीची खोली किमान २५५ मिमी, म्हणून २२९५ मिमी. लँडिंग १ मीटर धरा, शेवटची भिंत ०.२ मीटर. एकूण लांबी साधारण ३.५ मीटर. रुंदी ८६० ही किमान आहे. जमलं तर ९०० ठेवा, कारण रेलिंग त्यातूनच जागा खातं आणि फ्रिज त्याच वाटेने उतरणार आहे.

आता एक बारीक गोष्ट. संरक्षक कठड्याची उंची खोलीवर ठरते. पडण्याची खोली १.८ मीटरपर्यंत असेल तर ९०० मिमी चालतो, त्याहून जास्त असेल तर १०७० मिमी. तुमचं १.८५ आहे, म्हणजे १०७०. नकाशावर ९०० दाखवला असेल तर तेवढ्यावरून नकाशे परत येतात. गजांमधली फट १०० मिमीपेक्षा कमी, आणि लहान मुलाला चढता येईल असे आडवे गज नकोत.

चौकट
लँडिंग फरशीच्याच पातळीला ठेवलं आणि दरवाजाखाली १५० मिमीचा काँक्रीटचा उंबरा बांधला तर? खोली १.७ राहील, चढ ९, कठडा ९०० चा. खणणंही कमी.

मोजपट्टी
छत उंच असेल तिथे उत्तम उपाय आहे. इथे छत २.१ मीटर. १५० चा उंबरा गेला की १९५० उरले, आणि बाहेर पडायच्या दरवाजाची किमान उंची १९८० मिमी. वर चौकट आणि लिंटेलही (वरचं वजन पेलणारा आडवा आधार) बसायचं आहे. बसत नाही.

गवंडी
कंत्राटदाराच्या "खणू, कापू, बसवू" मध्ये सगळ्यात महागडी गोष्ट गाळलेली आहे: गोठण. यावर नीट लिहितो, कारण परमिटशिवाय केलेली अशी कामं काही हिवाळ्यांनी इथूनच तडकतात.

दक्षिण ओंटारिओत चिकणमाती किंवा गाळाच्या जमिनीत फूटिंग (पायाच्या भिंतीखालची रुंद काँक्रीटची बैठक) अंगणाच्या पातळीखाली किमान १.२ मीटर असावं लागतं. त्याच्या वरची ओली माती थंडीत गोठते, फुगते आणि वर असेल ते उचलते. तुमच्या घराचं फूटिंग आज अंगणापासून साधारण दोन मीटर खाली आहे, म्हणजे सुरक्षित. आता त्याला लागून १.८५ मीटर खोल खड्डा करून उघडा ठेवला, की त्या जागी "जमीन" म्हणजे लँडिंग. फूटिंगचा तळ लँडिंगच्या जेमतेम १५ सेंमी खाली उरला. सुमारे १.८५ मीटर मातीचं पांघरूण काढून घेतलं आणि थंड हवा थेट पायाशी पोचली. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. मग दरवाजाच्या कोपऱ्यातून विटांमध्ये तिरकी भेग जाते, दरवाजा घासायला लागतो.

उपाय दोन.

एक, अंडरपिनिंग. जिन्याला लागून असलेल्या भागाखाली घराचं फूटिंग खाली उतरवायचं, तळ लँडिंगखाली १.२ मीटर जाईपर्यंत. म्हणजे अंगणापासून सुमारे ३.०५ मीटर. जिन्याच्या रिटेनिंग भिंतींचं फूटिंगही लँडिंगपाशी त्याच पातळीला, आणि पायऱ्या वर चढतात तसं टप्प्याटप्प्याने वर. अंडरपिनिंग एका दमात खणायचं नसतं. १.२ मीटरपेक्षा लांब नसलेले तुकडे पाडायचे आणि शेजारचे दोन तुकडे एकाच वेळी कधीच उघडायचे नाहीत. आधी १ आणि ४, ते ओतून मुरल्यावर २ आणि ५, मग ३ आणि ६, असा क्रम इंजिनिअर नकाशावर लिहून देतो. नवं काँक्रीट जुन्या फूटिंगच्या तळापर्यंत भरत नाहीत. ५० ते ७५ मिमी फट ठेवतात आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर ती न आकसणाऱ्या कोरड्या ग्राउटने ठोकून भरतात. थेट भरलं तर काँक्रीट आकसून बारीक फट राहते आणि घर तेवढं खाली बसतं.

दोन, इन्सुलेशन. लँडिंगखाली आणि भिंतींच्या बाहेर ओलावा न शोषणारे कठीण फोमचे तक्ते घालून थंडी अडवायची. खणणं खूप कमी होतं. पण तक्त्यांची जाडी आणि आडवी रुंदी इंजिनिअरने हिशोबाने ठरवायची आणि नकाशावर सही-शिक्का हवा. "दोन इंच टाकलंय" हे इन्स्पेक्टर मानत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

कोणताही उपाय घ्या, पी. इंज. (परवानाधारक इंजिनिअर) लागणारच. घरमालकाला स्वतःच्या घराचे नकाशे स्वतः काढता येतात, त्यासाठी बीसीआयएन (नकाशे काढणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) लागत नाही. पण फूटिंगखाली खणणं हे त्यात बसत नाही.

गवंडी
खड्ड्याबद्दल राहिलं. १.२ मीटरपेक्षा खोल खड्ड्यात माणूस उतरणार असेल तर बाजू तिरक्या कापाव्या लागतात किंवा आधार द्यावा लागतो, हा ओंटारिओचा बांधकाम सुरक्षेचा नियम आहे. तीन मीटर खोल खड्ड्याला सैल मातीत एकास एक उतार दिला तर आडवे तीन मीटर लागतात. तुमच्या बाजूला १.८ मीटर आहेत. म्हणजे शोरिंग (खड्ड्याच्या बाजूंना आधार), किंवा शेजाऱ्याची जमीन उघडायला त्याची लेखी परवानगी. मागच्या अंगणात हा प्रश्नच येत नाही. जिना मागे घ्या, असं माझं ठाम मत आहे.

अबोली
मागे घेतला तर व्हेरियन्सही टळेल का? आणि मागची भिंत जॉइस्टना समांतर आहे, मग तिथे भार नाही असं धरता येईल?

नकाशाकार
मागचं सेटबॅक (हद्दीपासूनचं ठरलेलं अंतर) पाळलं तर बहुधा टळेल. ९ मीटर अंगण आहे, जिना घराच्या भिंतीला समांतर ठेवला तर फक्त १.१ मीटर पुढे येतो. पण भाडेकरू मागे जाणार कुठून, तर साइड यार्डातून. ती वाट मोकळी दाखवावी लागेल. एसीचं युनिट, गॅस मीटर, कचऱ्याचे डबे, कुंपणाचं आत उघडणारं फाटक, हे सगळं साइट प्लॅनवर खऱ्या जागी दाखवा. इन्स्पेक्टर टेप घेऊन येतो.

तुळई
समांतर आहे म्हणून भार नाही, असं लगेच धरू नका. तळमजल्याचे जॉइस्ट समांतर असले तरी छताचे ट्रस (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) कोणत्या भिंतींवर टेकलेत ते बघा. पुढच्या-मागच्या भिंतींवर असतील तर छताचं आणि बर्फाचं वजन मागच्या भिंतीतूनच पायात उतरतं. शिवाय विटांचा थर थेट पायाच्या भिंतीवर उभा असतो, त्याचं वजन तर आहेच.

दरवाजाची रुंदी ८१० मिमी किमान, चौकटीसकट कापायचं भगदाड ९०० ते ९५० मिमी. ते १.२ मीटरपेक्षा जास्त होऊ देऊ नका. त्याहून रुंद उघडलं, किंवा भिंतीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग उघड्यांत गेला, तर कोड त्या भागाला आडवा आधार नसलेली भिंत धरतो. मग सळ्या आणि वेगळं डिझाइन आलं. मागच्या भिंतीत आधीच खिडक्या असतील तर त्यांची रुंदी या बेरजेत धरा. हे बरेच जण विसरतात.

कापायच्या आधी आतून तात्पुरता टेकू, आणि विटांना बाहेरून स्टीलची अँगल. अँगल दोन्ही टोकांना किमान ९० मिमी टेकली पाहिजे, मी १५० धरतो. काँक्रीट करवतीने कापा, घणाने फोडू नका. घणाच्या धक्क्याने कोपऱ्यांतून केसासारख्या भेगा जातात, आणि पाणी त्यांतूनच येतं. कोपऱ्यांत करवत पुढे जाऊ द्यायची नाही, तिथे आधी गोल भोक पाडून घ्यायचं.

अबोली
या सगळ्यापेक्षा अंगणाच्या पातळीवर साधा साइड डोअर केला तर? आतला जिना त्याच बाजूला आहे.

मोजपट्टी
तुमच्या घरात हा पर्याय खरोखर तपासण्यासारखा आहे, कारण जिना बाहेरच्या भिंतीला लागून आहे. तसा नसता तर दरवाजा मुख्य मजल्याच्या जॉइस्टच्या पट्ट्यातून कापावा लागला असता. उंबरा अंगणापासून ०.१५ वर, दरवाजाचं डोकं २.१५ च्या आसपास, आणि मजला ०.७५ वर, म्हणजे मजला दरवाजाला आडवा आला असता. जिन्याच्या पोकळीत जॉइस्ट आधीच हेडरवर (पोकळीच्या कडेच्या तुळईवर) अडवलेले असतात, म्हणून तिथे जमतं.

दरवाजाच्या आत लँडिंग अंगणापेक्षा ०.१५ वर. तिथून मुख्य मजला ०.६ वर, म्हणजे २०० चे ३ चढ. बेसमेंट १.८५ खाली, म्हणजे १८५ चे १० चढ. एका फ्लाइटमधल्या (पायऱ्यांच्या सलग रांगेतल्या) सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात, दोन फ्लाइट एकमेकींपेक्षा वेगळ्या असल्या तरी चालतं. खालच्या फ्लाइटला २.३ मीटर लांबी लागते आणि लँडिंगला ०.९. तेवढी पोकळी नसेल तर जिना वळवावा लागेल.

फूटिंगला हात नाही, खड्डा नाही, ड्रेन नाही, शोरिंग नाही. खर्चात मोठा फरक पडतो.

नकाशाकार
दोन अडचणी, पण सुटण्यासारख्या.

पहिली, ते लँडिंग दोन्ही युनिटचं सामायिक होतं. एका युनिटमधून दुसऱ्याला बाहेर पडावं लागलं तर ते चालत नाही. म्हणून लँडिंगभोवती अग्निरोधक भिंती, आणि वरच्या व खालच्या युनिटकडे जाणारे दरवाजे स्वतः बंद होणारे, २० मिनिटांचे फायर रेटेड किंवा ४५ मिमी भरीव लाकडी. घर पाच वर्षांहून जुनं असेल तर कोडचा भाग ११ (जुन्या इमारतींतल्या फेरबदलांचा) लागतो आणि तिथे सवलती आहेत. दोन युनिटांमधला अग्निरोध ३० मिनिटांचा चालतो. सगळीकडचे स्मोक अलार्म एकमेकांना जोडलेले असतील तर छताला १५ मिनिटांवरही येता येतं. छताची उंची १९५० मिमी चालते, त्यामुळे तुमच्या २.१ ला धोका नाही. खालचं छत उघडणारच असाल तर १५.९ मिमीचा आग रोखणारा टाइप एक्स जिप्सम बोर्ड लावून टाका.

दुसरी, हद्दीचं अंतर. १.८ मीटरच्या बाजूला दरवाजात काच मर्यादेत चालेल. १.२ मीटरपेक्षा कमी अंतर असतं तर काचेची जागा अजिबात चालली नसती, बिनकाचेचा दरवाजा घ्यावा लागला असता. गॅस मीटरही तिथेच असेल तर रेग्युलेटरचं तोंड दरवाजापासून दूर हवं. नेमकं अंतर गॅस कंपनीकडून लेखी घ्या, मीटर सरकवणं त्यांचंच काम आहे आणि त्याला वेळ लागतो.

पाणाड्या
साइड डोअर जमला तर माझा निम्मा मजकूर गैरलागू. पण मागे जिनाच करायचा ठरला तर पाण्याचं हे वाचा.

जिन्याच्या खड्ड्याचं क्षेत्र साधारण ३ चौ. मीटर. २५ मिमी पाऊस पडला की थेट पडलेलं पाणी ७५ लिटर. ड्रेनवर पानं बसली तर ते सगळं ०.९ चौ. मीटरच्या लँडिंगवर साठतं, पातळी ८३ मिमी. उंबरा १५० चा, अजून सुरक्षित. ५० मिमी पडला की १६७ मिमी, म्हणजे पाणी घरात. आणि हा फक्त आभाळातून थेट पडलेल्या पाण्याचा हिशोब. छताची पन्हळ जवळच उतरत असेल किंवा अंगणाचा उतार जिन्याकडे असेल तर ५० मिमीची वाट बघायला नको. म्हणून:

- पन्हळीचं तोंड जिन्यापासून लांब वळवा.
- रिटेनिंग भिंत अंगणापेक्षा १५० मिमी वर काढा, आणि वरच्या पायरीपाशीही जमीन बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा.
- लँडिंगला ड्रेनकडे २ टक्के उतार.
- ड्रेनवर सपाट जाळी नको, घुमटाकार घ्या. पानं कडेला साचतात, मधून पाणी जातं.

ड्रेन कशाला जोडायचा, इथे गोंधळ होतो. "विपिंग टाइलला (फूटिंगलगतच्या, भूजल वाहून नेणाऱ्या पाइपाला) जोडून टाकू" असं म्हणतात. तुमचं लँडिंग अंगणापासून १.८५ मीटर खाली, त्याखाली १२५ मिमी स्लॅब, मग १०० मिमी पाइप. म्हणजे पाइपाचा तळ २.१ मीटरच्या आसपास, आणि विपिंग टाइल फूटिंगच्या तळाशी सुमारे २ मीटर खाली. पाणी वर चढणार नाही. आत संप पिट (पाणी गोळा करायचा खड्डा) करून पंपाने उपसावं लागेल. पंपाला बॅटरी बॅकअप घ्याच, कारण वीज जाते ती वादळातच. उपसलेलं पाणी अंगणात, हद्दीपासून लांब आणि भाडेकरूच्या वाटेवर येणार नाही असं सोडा. हिवाळ्यात तिथे बर्फाचा थर होतो.

ड्रेनचा ट्रॅप (पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) लँडिंगखाली उथळ ठेवला तर जानेवारीत गोठतो आणि मार्चमध्ये बर्फ वितळताना खड्डा भरतो. ट्रॅप घराच्या आत, फरशीखाली घ्या.

आणखी एक गोष्ट नकाशावरच पकडा. जिना खणताना जुनी विपिंग टाइल तुटते. तिची दोन्ही टोकं नव्या रिटेनिंग भिंतीच्या बाहेरून वळसा घालून पुन्हा जोडली पाहिजेत. टोकं तशीच पुरली तर घराच्या त्या बाजूचं सगळं भूजल नव्या दरवाजाच्या कोपऱ्यापाशी येऊन साचतं, आणि मालक दरवाजाच्या सीलला दोष देत बसतो.

चौकट
हिवाळा जवळ आलाय म्हणून काम आधी करून परमिट नंतर काढलं तर?

नकाशाकार
नको. परमिटशिवाय बांधकाम हा बिल्डिंग कोड अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे. व्यक्तीला पहिल्या वेळी ५०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पुढच्या वेळी १,००,०००. त्याहून वाईट म्हणजे झाकलेलं काम उघडून दाखवायला सांगतात. अंडरपिनिंग उघडून दाखवणं म्हणजे जिना फोडणं.

परमिटला लागणारा वेळ तसा मोठा नाही. अर्ज पूर्ण असेल तर घरासाठी १० कामकाजाच्या दिवसांत परमिट किंवा लेखी कारणांसह नकार द्यावा लागतो. सगळा भार "पूर्ण" या अटीवर आहे. सर्व्हेवर आधारित साइट प्लॅन, दोन्ही मजल्यांचे आत्ताचे आणि नवे नकाशे, दरवाजाच्या बाजूचं एलेव्हेशन (भिंतीचं समोरून चित्र), जिन्यातून कापलेला सेक्शन (उभा छेद) ज्यात फूटिंगची खोली आणि ड्रेन दिसतो, लिंटेलचा तपशील, इंजिनिअरचे शिक्क्याचे नकाशे. १ जानेवारी २०२५ पासून २०२४ चा नवा कोड लागू आहे. जुन्या कोडची कलमं टाकलेले तयार नकाशे कुणी विकत देत असेल तर घेऊ नका.

आणि हिवाळ्याबद्दल: उघडं फूटिंग थंडीत ठेवणं हेच मुळात नको. उशीर झाला असेल तर आतलं काम, अग्निरोध, प्लंबिंग हिवाळ्यात करा आणि खणणं वसंतात.

अबोली
बेडरूमच्या खिडकीचं काही वेगळं लागतं का?

मोजपट्टी
हो. उघडल्यावर मोकळी जागा किमान ०.३५ चौ. मीटर, कोणतंही माप ३८० मिमीपेक्षा कमी नको. ३८० रुंदी घेतली तर उंची ९२१ लागते, तेव्हा दोन्ही किमान मापं एकदम घेऊन चालत नाही. खिडकीबाहेर विहीर (खिडकीसमोर जमिनीत खणलेला खड्डा) असेल तर समोर ५५० मिमी मोकळे. बाहेरच्या बाजूला उघडणारी काच विहिरीत अडकत नाही ना, ते नकाशावर काढून बघा. विहिरीचाही ड्रेन लागतो.

गवंडी
जिना ठरला तर इन्स्पेक्शनचा क्रम सांगतो. खणायच्या किमान पाच कामकाजाचे दिवस आधी ओंटारिओ वन कॉलकडून लोकेट्स (जमिनीखालच्या वायरी-पाइपांच्या खुणा), ते फुकट आहेत आणि कायद्याने बंधनकारक. मग खड्डा व फूटिंग, काँक्रीट ओतायच्या आधी. अंडरपिनिंगच्या प्रत्येक टप्प्याला इंजिनिअर येऊन बघतो आणि पत्र देतो, ती पत्रं जपा, शेवटी लागतात. मग जमिनीखालचं प्लंबिंग, माती भरायच्या आधी ओलरोधक थर आणि विपिंग टाइल, मग फ्रेमिंग, इन्सुलेशन, शेवटी फायनल. सूचना दिल्यावर दोन दिवसांत इन्स्पेक्टर येणं अपेक्षित असतं, म्हणून काँक्रीटचा ट्रक त्याच्या आधीचा बुक करू नका.

पायऱ्यांचं काँक्रीट ३२ मेगापास्कल आणि ५ ते ८ टक्के हवा मिसळलेलं मागवा, पावतीवर दोन्ही लिहून घ्या. हवा नसलेलं साधं काँक्रीट मिठाने आणि गोठण्याने दोन-तीन हिवाळ्यांत सोलतं. रिटेनिंग भिंतीमागे माती भरताना स्वच्छ खडी वापरा, खणून काढलेली चिकणमाती परत टाकू नका. तीच माती गोठून भिंत आत ढकलते. भिंत किमान सात दिवस मुरल्याशिवाय भराव नको, आणि भिंतीला लागून जड यंत्र फिरवू नका.

तुळई
विजेचं कुणी लिहिलं नाही. नव्या दरवाजाबाहेर दिवा आणि त्याचं बटण आतून, हे कोडमध्ये आहे. वायरिंगची नोंद ईएसएकडे (विजेच्या सुरक्षेची प्रांतिक संस्था) वेगळी करावी लागते, बिल्डिंग परमिटमध्ये ती येत नाही. आणि ब्रॅम्प्टनसारख्या गावात युनिट बांधून झाल्यावर त्याची वेगळी नोंदणीही लागते. फायनल इन्स्पेक्शनचा कागद तिथे मागतात.

नकाशाकार
अबोली, पुढचं पाऊल: आधी सर्व्हे काढा. घर घेताना मिळालेल्या कागदांत असतो. नसेल तर नवा करून घ्या, कारण १.८ मीटर हे कुंपणापर्यंत मोजलेलं असेल आणि कुंपण हद्दीवर असेलच असं नाही. मग आतल्या जिन्याच्या पोकळीची लांबी-रुंदी आणि गॅस मीटरची जागा मोजून इथे टाका. पोकळी ३.२ मीटर लांब निघाली तर साइड डोअरच करा.

अबोली
पोकळी ३.३५ मीटर लांब, ०.९५ रुंद. गॅस मीटर पुढच्या कोपऱ्याजवळ, ठरलेल्या दरवाजापासून २.४ मीटर. सर्व्हेवर त्या बाजूचं अंतर १.७६ आहे. एसीचं युनिट मात्र त्याच बाजूला, भिंतीपासून ०.८ बाहेर येतं.

मोजपट्टी
१.७६ मधून ०.८ गेले की ०.९६ उरतात. तुमच्या बायलॉत १.२ ची वाट मागितली असेल तर एसी मागच्या भिंतीवर न्यावा लागेल, किंवा एसी रस्त्याकडून बघता दरवाजाच्या पलीकडे असेल तर काहीच करावं लागणार नाही, कारण वाट रस्त्यापासून दरवाजापर्यंतच लागते. पोकळीत २.३ ची फ्लाइट आणि ०.९ चं लँडिंग बसून १५ सेंमी शिल्लक राहतात. फायर रेटेड भिंतीची जाडी त्यातच बसवायची आहे: ८९ मिमीचे स्टड (भिंतीतले उभे दांडे) आणि दोन्हीकडे १५.९ चा जिप्सम, म्हणजे १२१ मिमी. बसतं. रुंदीत मात्र रेलिंगसह ८६० राहतील का, ते प्लास्टरच्या पृष्ठभागापासून मोजा, स्टडपासून नाही.

नकाशाकार
एसी कुठे आहे ते कळवा. दरवाजाच्या पलीकडे असेल तर व्हेरियन्स न लागता थेट परमिटचा अर्ज करता येईल.